रिकामं आलं तर शून्य

३ मार्च, सोमवार

प्रोफेसर म्हणाले, प्रोग्राममध्ये हात घालणार असाल तर रोज काय केलं ते तारीख घालून लिहीत जा, नाहीतर काय कशामुळे बिघडलं ते कळायचं नाही. म्हणून हे सुरू केलं आहे.

आज केलेलं काम: काही नाही. ताईच्या खोलीत गेले. तिच्या संगणकावरचं फडकं काढलं, घडी घालून खुर्चीवर ठेवलं. मग खुर्चीवर फडकं आहे म्हणून उभीच राहिले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. ती सकाळीच घासलेली होती.

मिस्त्रींचा फोन आला म्हणून हे सगळं. ताई गेल्यापासून मी फोन घेत नव्हते. आज नंबर न बघता उचलला गेला.

"बाई, तुमच्या प्रोग्रामने कमाल केली," ते म्हणाले. "आमच्याकडे एक शिवणवाल्या बाई येतात. डावा पाय जन्माचा आखूड. तुमच्या प्रोग्रामने तो सरळ केला. डॉक्टरांना इतकी वर्षं जमलं नाही."

मिस्त्रींचा बुटांचा कारखाना आहे. ज्यांचे दोन पाय एकसारखे नाहीत अशांसाठी ते बूट करतात. मोजणीचं यंत्र पाय मोजतं, मापांची फाइल तयार होते, ताईचा प्रोग्राम ती वाचतो आणि कापायच्या मशीनला आकार देतो. त्यांनी आता नवीन मोजणीयंत्र आणलं आहे. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या टाचेची उंची, म्हणजे आखूड पायाखाली घालायची भर, शून्य दिसते. बाकीची मापं बरोबर. टाच शून्य धरली की दोन्ही बूट सारख्याच उंचीचे कापले जातात. सारखेच हवे असते तर माणूस बाजारात गेला असता, मिस्त्रींकडे कशाला आला असता.

"टाच हाताने घाला ना," मी म्हटलं.

"घातली असती. मशीन माझं ऐकत नाही, प्रोग्रामचं ऐकतं. तुमच्या ताईंनीच तसं करून ठेवलंय. म्हणायच्या, कारागिराने मध्ये लुडबुड करू नये." मग म्हणाले, "महिनाअखेर एका कंपनीचा माणूस येतोय. त्यांचा प्रोग्राम बसवून देतो म्हणतो. मग तुमचा काढावा लागेल. मला ते बरं वाटत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगतोय."

"मी बघते," म्हटलं. काय बघणार ते मला माहीत नव्हतं. मग प्रोफेसरांना फोन केला.

४ मार्च, मंगळवार

ताई प्रोग्राम लिहायची. मी बाकीचं करायचे: फोन, पत्ते, बिलं, आणि नवीन काही तयार झालं की ते आधी मोडून बघणं. "छोटी बसली की काहीही मोडतं," असं ती म्हणायची. ते कौतुक होतं. प्रोग्राम कसा वागतो ते मला पाठ आहे. तो आत कसा लिहिलाय ते कधी बघितलं नाही. ती होती, मग कशाला बघू.

बाकीच्या गावांतले कारखाने मिस्त्रींकडे बघून ठरवतात. त्यांनी काढला की तेही काढतील. मग तो कुठेच चालणार नाही. आत्ता मी हे लिहिते आहे तेव्हा कुठेतरी कोणाच्या तरी पायाचं माप त्यात चढत असेल. म्हणजे ती अजून कामावर आहे, असं काहीतरी मला वाटतं. कोणाला सांगण्यासारखं नाही.

६ मार्च, गुरुवार

प्रोफेसर खरे प्रोफेसर नाहीत. पूर्वी ते आणि ताई एका ऑफिसात होते. मीठ मागायचं असलं तरी मिठागरापासून सुरुवात करतात, म्हणून तिने ते नाव ठेवलं. आता ते परगावी मोठ्या कंपनीत आहेत. त्या कंपनीने तेव्हा दोघांनाही बोलावलं होतं. ताई गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, तिथलं पाणी मला मानवायचं नाही. तिला पाणी बदललं की खरंच त्रास व्हायचा.

आज त्यांनी फोनवर एक्सएमएल समजावलं. ती फाइल म्हणजे डब्यांची मांडणी. प्रत्येक डबा उघडताना त्याचं नाव लिहिलेलं, बंद करतानाही तेच नाव, मध्ये ऐवज. 'लांबी' उघडली, आत आकडा, 'लांबी' बंद. मोठ्या डब्यात छोटे डबे. ताईचा प्रोग्राम एकेकाला नावाने हाक मारतो आणि आतला आकडा उचलतो.

"हाक मारताना कुठेतरी टाच हरवतेय. ती कुठे हरवते ते शोधायचं. घाई करायची नाही."

"महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे."

"मग थोडी घाई करायची."

ओळीच्या डावीकडे क्लिक केलं की लाल ठिपका येतो. प्रोग्राम पळत पळत येऊन त्या ठिपक्याशी थांबतो. मग त्याला एकेक ओळ पुढे न्यायचं. मला ते आवडलं. आजवर तो माझ्यासमोर कधी थांबला नव्हता.

मध्येच त्यांनी विचारलं, "तिचं ते, कॉफी करून ठेवायची आणि प्यायला विसरायची, शेवटी सुटलं का हो?"

"नाही," मी म्हटलं.

मग ते पुन्हा ठिपक्यावर आले.

७ मार्च, शुक्रवार

फाइल वाचताना माझ्याकडून चुकून एक ओळ पुसली गेली. प्रोग्राम चालवला तर समोर खिडकी आली.

"उघडलेलं बंद केलं नाहीस. बाथरूमचा दिवाही असाच ठेवतेस."

मी जागची हलले नाही.

मग आठवलं. ही घरची प्रत, चाचणीसाठीची. गिऱ्हाइकांच्या प्रतीत साधा, कोरडा मजकूर असतो. घरच्या प्रतीत ताई माझ्यासाठी असे निरोप घालायची, मोडतोड करताना मला कंटाळा येऊ नये म्हणून. बरेच मी पाहिले आहेत. हा पाहिला नव्हता. तिने लिहिला आणि मी ती चूक कधी केलीच नाही, म्हणून तो आत तसाच राहिला.

बाथरूमपाशी जाऊन बघितलं. दिवा सुरू होता.

१० मार्च, सोमवार

टाचेकडे बघायचं होतं. बघितलं नाही. सकाळपासून फाइली मोडत बसले.

दोन्ही पायांना 'डावा' असं नाव दिलं. निरोप आला: "या गृहस्थांना दोन डावे पाय आहेत. मोजणाऱ्याला चहा पाजा आणि पुन्हा मोजायला सांगा."

वजनाआधी उणे चिन्ह टाकलं. "हे हवेत चालतात. यांना बूट कशाला?"

आकड्याच्या जागी माझं नाव लिहिलं. "इथे आकडा हवा. तू कितीही गोड असलीस तरी."

हे ती तोंडावर कधी म्हणाली नसती. आमच्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही. मी ती खिडकी बंद केली नाही. जेवायला गेले, आले, ती होतीच.

१२ मार्च, बुधवार

प्रोफेसरांनी विचारलं, टाचेचं कुठवर आलं. चालू आहे, म्हटलं. ते खरं नव्हतं. मग राहवलं नाही, निरोपांचं सांगितलं.

"अहो, मग एकेक फाइल कशाला मोडताय? निरोप सगळे कोडमध्येच लिहिलेले असतात. शोधाच्या चौकटीत एक शब्द टाका, एकाखाली एक सगळे समोर येतील. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको."

"का?"

"संपतील."

ते म्हणाले, "बरोबर आहे. मीही शोधले नसते."

इतक्या शिस्तीच्या माणसाला हे पटावं याचं नवल वाटलं.

१३ मार्च, गुरुवार

पायाच्या डब्यात पुन्हा तोच डबा घातला, त्यात पुन्हा तोच, त्यात पुन्हा. असं कोणतंच यंत्र करणार नाही. पण ताईला मी करीन हे ठाऊक असावं, कारण तिथेही निरोप होता.

"इथवर कोणी पोचणार नाही अशी प्रोफेसरांनी पैज लावली होती. पोचलीस तर त्यांना फोन कर. मी करणार नाही."

सांगितल्याप्रमाणे फोन केला. वाचून दाखवलं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. पुन्हा वाचलं. "शेवटचं वाक्य?"

"मी करणार नाही."

"त्या ओळीवर उजवं बटण दाबा. कधी लिहिली त्याची तारीख दिसेल."

दिसली. ते परगावी गेले त्या महिन्यातली होती.

"पैज कशाची होती?" मी विचारलं.

"आता आठवत नाही. मीटिंग आहे, ठेवतो."

संध्याकाळी त्यांनी आपणहून फोन केला. म्हणाले, प्रोग्राममध्ये काहीही बदला, ती ओळ तेवढी काढू नका. मी कशाला काढीन. माणूस भला आहे, पण हरलेली पैज इतकी मनाला लावून घेऊ नये.

१५ मार्च, शनिवार

आज मोडायला काही नवीन सुचलं नाही. तेच तेच निरोप येतात. दिवा, दोन डावे पाय, हवेत चालणारे. पहिल्यांदा वाचताना जो आवाज कानात येतो तो तिसऱ्यांदा वाचताना येत नाही. तिसऱ्यांदा ती नुसती अक्षरं असतात.

खोली झाडली.

१८ मार्च, मंगळवार

मिस्त्रींचा फोन. "बाई, इथे शिवणवाल्या बाई आल्यात. रिक्षा करून आल्यात. तुमच्याशी बोलायचं म्हणतात. घ्या."

बाईंचा आवाज खणखणीत. "माझा डावा पाय आखूड आहे हे मला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून माहीत आहे. तुमच्या मशीनला कधी कळणार?"

प्रयत्न चालू आहे, म्हटलं.

"जुन्या बुटाचा तळ निघाला. त्याच्याशिवाय मला दुकानापर्यंत चालता येत नाही. शिवायचं मशीन दुकानात आणि मी घरात. घरात बसून सुनेच्या चुका काढतेय. आता तिच्या संपत आल्या. उद्यापासून ती माझ्या काढील."

"कधीपासून घरात आहात?"

"गेल्या सोमवारपासून. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मिस्त्री म्हणाले, तुमच्या घरी दुःख झालंय. मला आधी माहीत असतं तर मी आलेच नसते भांडायला."

गेल्या सोमवारी मी दोन डाव्या पायांच्या गृहस्थांना हसत होते. बाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

२० मार्च, गुरुवार

काल दिवसभर आणि आज, फक्त टाच. प्रोफेसरांनी सुट्टी घेतली आणि फोन कानाला लावून बसले.

"ठिपका टाचेच्या ओळीवर. लावला? चालवा. थांबला? आता माउस त्या नावावर न्या. काय दिसतं?"

"काही नाही. रिकामं."

"मिस्त्रींच्या फाइलीत टाच आहे?"

"आहे. आकडाही आहे. पण नावाच्या आधी आणखी काहीतरी चिकटवलंय."

"वाचा."

वाचलं. ते हसले. नवीन यंत्रवाल्यांनी टाच मोजायचा भाग दुसऱ्या कंपनीकडून घेतला असणार. म्हणून तेवढ्या डब्यांना त्या कंपनीचं आडनाव लागलं. ताईचा प्रोग्राम नुसत्या नावाने हाक मारतो. आडनाव लागलेला डबा ओ देत नाही.

"म्हणजे असं, की एखादी मुलगी लग्न होऊन गेली आणि," असं त्यांनी सुरू केलं, आणि थांबले. "जाऊ दे. उदाहरण चांगलं नाही."

मला एक कळेना. पाय दोन डावे असले तर प्रोग्राम सांगतो, वजन उणे असलं तर सांगतो. टाच सापडलीच नाही, हे का सांगत नाही?

"पुढच्या ओळी बघा. चूक झेलायची जागा असेल."

होती. बाकी सगळीकडे त्या जागेत निरोप आहेत. इथे कंस उघडला होता आणि कंस मिटला होता. मध्ये नुसती टीप होती. अशी टीप प्रोग्राम वाचत नाही, लिहिणाऱ्यासाठी असते.

"रिकामं आलं तर शून्य. बहुतेकांची एका पायाची शून्यच असते. नसेल तर छोटी दुपारी विचारेलच."

प्रोफेसरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दुपारी काय विचारेल?"

मी उद्या सांगते म्हणून फोन ठेवला.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारचे फोन.

जेवणं झाली की मी एकेका कारखान्याला फोन करायचे. आज कोणाकोणाची मापं घेतली, डावी टाच किती आली, उजवी किती, पैसे पाठवले का, नातवाचा ताप उतरला का. "आल्या टाचवाल्या बाई," मिस्त्री मागे कोणाला तरी ओरडून सांगायचे. टाचेबद्दल मीच आधी का विचारायचे, ते आता आठवत नाही. बोलायला काहीतरी लागतं. कोणी सांगितलं, "डावी चार मिलिमीटर," की मी मोठ्याने पुन्हा म्हणायचे, "डावी चार." पलीकडच्या खोलीत ताई काम करत असायची. मला वाटायचं माझ्या बडबडीने तिचं लक्ष उडतं. एकदा म्हटलंही, मी बाहेरच्या खोलीत बसून करू का फोन? ती म्हणाली, "नको. इथेच बस."

ती ऐकत होती. माझ्या तोंडची टाच आणि कारखान्यांनी पाठवलेल्या फाइलींतली पडद्यावरची टाच ताडून बघत होती. मला कधी बोलली नाही. आणि मी कधी चुकवलं नाही, म्हणून तिने त्या जागी निरोप लिहिला नाही.

ती आजारी पडली तेव्हा फोन बंद झाले. नंतर मी ते सुरू केले नाहीत.

इतके दिवस मी फाइली मोडून तिचं बोलणं शोधत बसले. या एका जागी बोलायचं काम माझं होतं.

आज दुसरं काही केलं नाही.

२४ मार्च, सोमवार

दुरुस्ती झाली. आता प्रोग्राम टाचेला आधी नुसत्या नावाने हाक मारतो, ओ आली नाही तर आडनावासकट मारतो. ओळी प्रोफेसरांनी सांगितल्या, टंकल्या मी. ताईच्या ओळींना हात लावला नाही, खाली जोडल्या.

मग गिऱ्हाइकांच्या प्रतीत त्या रिकाम्या कंसात काहीतरी लिहायचं होतं. उद्या तिसरंच कुठलं यंत्र तिसरंच आडनाव लावून आलं तर.

"माप उपलब्ध नाही, कृपया पुन्हा मोजावे. असं लिहितात," प्रोफेसर म्हणाले.

मी लिहिलं: "टाचेची उंची मिळाली नाही. शून्य धरू नका. मला फोन करा." खाली नंबर घातला.

"मला म्हणजे कोणाला? गिऱ्हाइकाला वाटेल प्रोग्रामलाच फोन करायचाय."

"मला."

"तुम्ही उचलाल का पण? ती गेल्याचं कळल्यावर मी आठवडाभर करत होतो."

ते मला माहीत नव्हतं. "उचलीन," म्हटलं.

"आणि घरच्या प्रतीत काय लिहिताय त्या जागी?"

"काही नाही. तिची टीप आहे तशी राहू दे."

२६ मार्च, बुधवार

नवीन प्रत घेऊन स्वतः कारखान्यात गेले. त्यांचा संगणक कारखान्यात एका कोपऱ्यात आहे, त्यावर चामड्याचा भुगा बसलेला. गोंदाच्या वासाने डोकं चढलं. मिस्त्री आवाजावरून वाटतात त्याच्या निम्मे आहेत. शिवणवाल्या बाई जुन्या चपला घालून टेबलाला धरून उभ्या होत्या.

प्रत बसवली. बाईंची फाइल उघडली. लांबी आली, रुंदी आली. मग टाच.

"आली," मिस्त्री म्हणाले. "डावी बावीस."

"डावी बावीस," मी मोठ्याने म्हटलं.

"बावीसच आहे," बाई म्हणाल्या. "मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

कापायचं मशीन सुरू झालं. बाईंनी कधी येऊ म्हणून विचारलं. शुक्रवारी या, मिस्त्री म्हणाले. "सुनेला सांगते, शुक्रवारपर्यंत कळ काढ." मग माझा हात धरून त्या दारापर्यंत आल्या. एका बाजूला पूर्ण भार टाकून चालतात. तो भार माझ्या खांद्यापर्यंत जाणवला.

मी मिस्त्रींना कंपनीच्या माणसाचं विचारलं. "येऊ दे की. चहा पाजतो आणि परत पाठवतो," ते म्हणाले.

घरी आले, चपला काढल्या, आणि "झालं गं," असं म्हटलं. ताईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन मग आठवलं. तरी तिथेच उभं राहून राहिलेलंही सांगितलं. बावीस आली, ते.

९ एप्रिल, बुधवार

जेवण करून फोन करायला बसले होते, तेवढ्यात तो वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"नमस्कार," कोणी पुरुष बोलत होता, जरा बिचकत. "आम्ही नवीन कारखाना काढलाय. मिस्त्रींनी तुमचा प्रोग्राम दिला. तो म्हणतो, मला फोन करा. म्हणजे कोण म्हणतंय ते कळलं नाही."

"मी म्हणतेय. टाच मिळाली नाही का?"

"नाही ना. पुढे काही करूच देत नाही."

"फाइल मला पाठवा, मी बघते. माणूस समोर आहे?"

"एक मुलगी आहे. आजीबरोबर आलीय. उद्या परत जायचंय त्यांना."

"मग तोवर पट्टीने मोजू. तिला भिंतीला टेकून उभी करा. आखूड पायाखाली एकेक पुठ्ठा सरकवा, कंबर सरळ होईपर्यंत. मग पुठ्ठ्यांची उंची सांगा, मी ती फाइलीत घालून देते."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. पलीकडे खुर्ची सरकली. पुठ्ठे शोधायला कोणी तरी कपाट उघडलं. आजी म्हणाली, सरळ उभी राहा, वाकू नको. मुलगी म्हणाली, सरळच आहे. मी पेन्सिल धरून थांबले.

"बाई, आहात ना?"

"आहे," म्हटलं. "सांगा. डावी किती?"